बाबांच्या हातातला फ्रॉक

११ मे

संस्थेतली नोकरी पक्की झाल्याचं आज मोठ्या बाईंनी सांगितलं. मला आनंद झाला हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात तो दिसणार नाही.

परदेशातून येणारे तयार गणवेश शाळांमधून फुकट वाटायचे, हे काम माझ्याकडे आलं आहे. आणि आमची गल्ली शिंप्यांची. बाबा त्यांच्या संघाचे अध्यक्ष. म्हणजे ज्या मशीनच्या जिवावर मी घरातली पहिली शिकलेली झाले, त्याच मशीनचं काम मी काढून घेणार. असं मांडलं की भयंकर दिसतं. दुसऱ्या कशा रीतीने मांडता येईल याचा वाटभर विचार केला, सुचलं नाही.

आईने ऐकल्याबरोबर पाठीवरून हात फिरवला. बाबा मशीनवर होते. त्यांनी मान वर केली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या जरा बाजूला, दाराच्या चौकटीकडे पाहून म्हणाले, "बरं झालं, साहेबीण."

"टोमणा आहे का बाबा?"

"टोमणा कशाला? साहेबीण झालीस, साहेबीण म्हटलं."

पण तोंडाकडे बघून म्हणायला काय हरकत होती?

१३ मे

वर्तमानपत्रात हल्ली रोज याच विषयावर भांडण. आमच्या दुकानाच्या पायरीवर काजेकाका ते मोठ्याने वाचतात आणि बाबा ऐकतात. (काजेकाका शेजारचे. सगळ्या गल्लीची काजं तेच करतात, हाताने.)

"ऐक, प्राध्यापक काय लिहितोय. फुकटच्या मदतीने गरिबी जात नाही, गरिबाची ताठ मान तेवढी जाते."

"बरोबर लिहितोय," बाबा म्हणाले.

"आणि खाली डॉक्टरीणबाईंचं उत्तर आहे. प्राध्यापकांनी एक दिवस उपाशी राहून हेच वाक्य पुन्हा लिहून दाखवावं."

"तेही बरोबर आहे," मी म्हणाले.

"तुझं बरं आहे," बाबा म्हणाले. "तुला दोन्ही बरोबर. शिकलेल्या माणसाचं हे असं, कात्री चालवायची वेळ आली की खडूने रेघा मारत बसायचं."

काका हसले. मीही हसले, पण दिवसभर तेच मनात राहिलं. खरंच मी रेघाच मारते. गठ्ठे आले नाहीत तर आमच्या यादीतल्या विटा वाहणाऱ्या बाईची मुलगी फाटक्या कपड्यांत शाळेत जाईल, किंवा जाणार नाही. आले तर आमच्या गल्लीतल्या मशिनी बंद. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१७ मे

आज फार वाईट झालं. दुपारी पोस्टासमोर बाबा समोरून येत होते. मी हसले, थांबले. ते माझ्या इतक्या जवळून गेले की त्यांच्या सदऱ्याला लागलेला खडू मला दिसला. मी "बाबा" म्हणेपर्यंत ते पुढे निघूनही गेले. रहदारीचा आवाज होता. पण ऐकू नसेल आलं, तरी दिसले तर असेन ना!

गोदामात गठ्ठ्यांमागे जाऊन रडले. डांबरगोळ्यांच्या वासाने तसंही डोळ्यांना पाणी येतंच, त्यामुळे कुणी विचारलं नाही.

घरी गेल्यावर बाबा नेहमीसारखे. "आज उशीर झाला का गं?" मी म्हटलं, "नाही." यापेक्षा जास्त बोलले असते तर पुन्हा रडले असते. त्यांनी माझ्यावर राग धरला असेल तर तो त्यांचा हक्क आहे, असं स्वतःला समजावते आहे. समजत नाही.

२० मे

बाबा चहाला बाहेर पडले की आई त्यांनी शिवलेल्या फ्रॉकच्या टिपा उसवते आणि पुन्हा घालते. आज मी पाहिलं. विचारलं तर म्हणाली, "दोरा कच्चा लागलाय मेला."

"मग चांगला आणू या."

"आणू. तू तुझं बघ."

चांगला दोरा परवडत नाही इथपर्यंत वेळ आली, आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. पगार झाला की सगळ्यात आधी दोरा.

२३ मे

संस्थेचं डोळ्यांचं शिबिर ठरलं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फुकट, तज्ज्ञ बाहेरून येणार. पैसे त्याच परदेशी देणगीदारांचे. म्हाताऱ्या माणसांपर्यंत निरोप पोहोचवा असं मोठ्या बाईंनी सांगितलं, म्हणून घरी जेवताना बोलले.

"वा," बाबा म्हणाले. "त्यांचे कपडे नकोत म्हणून मी गावभर ओरडतोय, आणि आता आमच्या लोकांनी त्यांच्याच दारात डोळे दाखवायला जायचं? ताकाला जाऊन भांडं लपवायचं?"

"कपडे वेगळे, डोळे वेगळे, बाबा."

"हात तोच ना देणारा?"

आईने त्यांच्या ताटातली वाटी उचलून त्यांच्या हाताशी ठेवली. जरा वेळाने बाबांनी विचारलं, "दुखतं का फार? ते, डोळ्याचं?"

"नाही म्हणतात. कुणासाठी विचारताय?"

"काजेकाकासाठी. त्याला हल्ली त्रास होतो."

आई उठून आत गेली. काकांना काय झालंय ते विचारायला हवं. बिचारे कधी बोलले नाहीत.

२६ मे

रविवारी शाळेच्या सभागृहात जाहीर सभा. परदेशी गणवेश घ्यावेत की नाही, दोन्ही बाजू लोकांसमोर येऊ देत, अशी मोठ्या बाईंचीच कल्पना. देणगीदारांकडून एक पाहुणीही येणार आहे. त्यांच्या देशातही भांडण चालू आहे म्हणे, आपला पैसा दूरच्या गरिबांना द्यावा का, आणि दिला तर त्यांचं भलं होतं की वाईट. म्हणजे देणारेही भांडतात आणि घेणारेही. नक्की सुखी कोण आहे?

आमच्या बाजूने बाबा बोलणार. हे काय लिहिलं मी! आमच्या बाजूने म्हणजे कुणाच्या? मी तर त्या दिवशी संस्थेच्या टेबलाशी बसणार आहे. लिहिलं ते लिहिलं, खोडत नाही.

२९ मे, रविवार

आजचं सगळं जसं झालं तसं लिहायचं आहे.

सभागृह भरलेलं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून, हातात पिशवी. पिशवीत दोन निळे फ्रॉक, एक संस्थेच्या गठ्ठ्यातला, एक त्यांनी शिवलेला. बाबा फार छान बोलले. "आम्ही कपडा वाढत्या अंगाचा शिवतो," ते म्हणाले. "आत दुमड सोडतो. पोर वाढलं की आई उसवते, तीन वर्षं जातात. तिकडून येतो तो कपडा आजच्या पोरीच्या मापाचा. पुढच्या वर्षी पोर तिथेच, आणि पुन्हा हात पसरलेला. आम्हाला काम द्या, कापड द्या. भीक नको पण कुत्रं आवर अशी वेळ आणू नका." आमच्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. माझेही हात उठत होते, ते मी टेबलाखाली धरून ठेवले.

मग विटा वाहणारी बाई उभी राहिली. पदर नीट केला आणि बाबांना म्हणाली, "काका, तुम्ही वाढत्या अंगाचं शिवता, खरं आहे. पण तुमच्या दुकानाची पायरी चढायची तर आधी हातात काहीतरी असावं लागतं. मी दोन वर्षं समोरून जाते, तुमच्या दारात टांगलेला फ्रॉक बघत. तुम्ही कधी आत बोलावलंत?"

बाबांना वाद घालता येतो, पण खरं बोलणाऱ्या माणसापुढे ते कधी आवाज चढवत नाहीत. त्यांनी पिशवीत हात घातला. गोंधळले होते, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

"बाई, तुझं ऐकलं मी," ते म्हणाले. "पण निदान देणाऱ्याने चांगलं तरी द्यावं ना? ही बघा शिवण!" आणि त्यांनी एक फ्रॉक उंच धरला. "हा खिसा बघा. एक कोपरा आकाशात, एक पाताळात. ही कमरेची टीप, दारू प्यालेल्या माणसासारखी चाललीय! हे असलं आमच्या पोरींच्या अंगावर?"

लोक हसले. खिसा खरंच वाकडा होता, टीप खरंच भरकटलेली होती.

आणि फ्रॉकच्या गळ्याशी पांढरी पट्टी नव्हती. आमच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक कपड्याला ती असते. हा फ्रॉक बाबांचा होता. आई पहिल्या रांगेत बसली होती. तिने डोळे मिटून घेतले.

मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. "असा माल आलाय? हा आपल्याच गठ्ठ्यातला ना?" सगळं सभागृह माझ्याकडे पाहू लागलं. बाबांनीही मान वळवली, आणि ते माझ्या जरा बाजूला, भिंतीकडे पाहत राहिले.

पोस्टासमोरचा रस्ता, कच्चा दोरा, ताटातली वाटी, सगळं मला त्या एका क्षणात कळलं.

"हो," मी म्हणाले.

३० मे

पाहुणीने गठ्ठे थांबवायला सांगितलं. असला माल पाठवून आपल्या देशाची शोभा नको, म्हणाली. पूर्ण चौकशी होईपर्यंत वाटप बंद. गल्लीत आनंदीआनंद. चहावाल्याने आज कुणाकडूनही पैसे घेतले नाहीत. बाबांना लोकांनी खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

विटा वाहणारी बाई दुपारी ऑफिसात आली. "ताई, आमचं ठरलेलं होतं ना?" एवढंच. मी म्हटलं, "बघते." काय बघते मी?

एक शब्द बोलले, आणि एका मुलीचा फ्रॉक गेला. एकीचा नाही, पुष्कळ जणींचा. खरं सांगितलं तर भर गावात बाबांचं हसं होईल. शिंपी, आणि स्वतःची शिवण ओळखता येत नाही! नाही सांगितलं तर गल्ली जिंकली ती माझ्या खोट्यावर. आणि बाबा मला लहानपणापासून म्हणत आले, चुकीचं कापलेलं कापड लपवू नये, गिऱ्हाइकाला आपणहून दाखवावं.

आईशी बोलायला गेले. ती म्हणाली, "तू जे केलंस ते मी वर्षभर करतेय. तो एक फ्रॉक तेवढा माझ्या हातून सुटला. मला काय विचारतेस?"

१ जून

मी आज सकाळी ठरवलं होतं की मोठ्या बाईंना सांगायचं. त्याआधीच झालं.

आई सभेतली पिशवी रिकामी करत होती. बाबा म्हणाले, "आण तो वाकडा फ्रॉक इकडे, बघू तरी पुन्हा." आईने दिला नाही. त्यांनी हात पुढे केलेलाच ठेवला, तेव्हा दिला. त्यांनी तो मांडीवर पसरला आणि बोटं फिरवली, खिशावरून, कमरेवरून, पाठीवरच्या काजांवरून. काजापाशी अंगठा थांबला.

"हे काज काकाचं आहे."

आई पिशवी झटकू लागली.

"दुसऱ्या कुणाच्या हाताला असं काज येत नाही." मग सावकाश म्हणाले, "म्हणजे हा आपला."

आई म्हणाली, "राहू दे आता."

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि साहेबीण, तुला?"

"हो, बाबा."

"मग खोटं का बोललीस?"

मी नुसती रडत राहिले. ते रागावले नाहीत, हे जास्त कठीण होतं. फ्रॉकची घडी घातली, कडेला कड लावून, हातांनीच. म्हणाले, "जग आपल्या बाब्याला डोक्यावर घेतं. मी एकटा असा निघालो, आपल्याच बाब्याला कार्टं म्हणून आलो." आणि हसले. आईही हसली, पदर तोंडाला लावून. मग तिलाही रडू आलं.

"उद्या तुझ्या ऑफिसात ने मला," बाबा म्हणाले. "हात नाही धरायचा. नुसती बरोबर चल. पायऱ्या आल्या की खोक."

२ जून

वाटेत मी इतकी खोकले की पानवाल्याने औषध विचारलं.

मोठ्या बाई आणि पाहुणी दोघी होत्या. बाबांनी फ्रॉक टेबलावर ठेवला. "हा माझा. तुमचा माल चांगला आहे, दोष माझ्या नजरेचा. गणवेश वाटा. पोरींची शाळा थांबायला नको." मोठ्या बाई काहीतरी गोड बोलायला लागल्या, तर त्यांनी हात वर केला. "पण बाई, मी मागे काही घेत नाही. शिवण माझी वाकडी होती. म्हणणं सरळ होतं. पुढच्या वर्षी कापड मागवा आणि शिवायचं काम इथल्या माणसांना द्या."

मोठ्या बाईंनी ते पाहुणीला सांगितलं. पाहुणी बराच वेळ बोलली. मोठ्या बाई म्हणाल्या, "विचारून बघते म्हणतेय. वचन देत नाही."

"वचन नकोच. विचारलं तरी पुष्कळ."

मग मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. "तू सगळ्यांसमोर मला खोटं सांगितलंस."

"हो."

"का ते दिसतंय मला. तरी काही दिवस तुझ्या 'हो'वर मी काम सोडणार नाही. वाटप दुसरं कुणी बघेल. तू शिबिरात मदत कर."

शिक्षा कमीच झाली. मी तसं म्हणायला गेले, तेव्हा बाबांनी माझा पाय दाबला. पहिल्या खेपेला चुकून टेबलाचा दाबला होता.

५ जून

गल्ली बाबांशी बोलत नाही. "जिंकलेला डाव उधळला" असं लोक म्हणतात, आणि ते चूक आहे असं मला म्हणता येत नाही. त्यांच्या मशिनींवर कापड नाही, हे मला दिसतंय. बाबांनी अध्यक्षपद सोडलं. आज पायरीवर फक्त काजेकाका आले.

शिबिराचं मी काढलं नाही. आईने काढलं, बाबांनी ऐकलं नाही. "ज्यांना भर सभेत नावं ठेवली त्यांच्याकडून डोळे घेऊ? लोक काय म्हणतील?"

"लोक बोलतायत कुठे तुझ्याशी?" काका म्हणाले. मग जरा वेळाने, "माझं एक काम होतं. मला त्या शिबिरात जायचंय. पण मला सुईची भीती वाटते."

"आयुष्यभर सुई हातात घेऊन बसलास आणि भीती वाटते?"

"दुसऱ्याच्या हातातली सुई वेगळी. तू सोबत चल. नुसता बस शेजारी."

बाबांनी सदऱ्यावरचा खडू झटकला. "सोबतीला येईन," ते म्हणाले. "तुझ्यासाठी."

काका इतके घाबरट असतील असं वाटलं नव्हतं. आणि पेपर तर ते चष्म्याशिवाय वाचतात. वाचण्याचा आणि मोतीबिंदूचा काही संबंध नसेल कदाचित. डॉक्टरांना विचारून ठेवते.

११ जून

डॉक्टर काकांवर ओरडले. "आजोबा, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत! वेळ कशाला घालवता?" काका म्हणाले, "मग यांचे बघा. आलेच आहेत तर." आणि बाबांना पुढे ढकललं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शिकलेली म्हणे मी!

एका डोळ्याचं आज झालं. पट्टी बांधून बाबा खाटेवर. शेजारच्या खाटेवर विटा वाहणाऱ्या बाईची सासू. बाई तिच्या उशाशी. तिने बाबांना ओळखलं.

"काका, तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

"मग आता त्या भांडणाचं कसं?"

"नीट दिसायला लागलं की पुढे भांडू. आणि बाई, तू आत ये दुकानात. मी बोलावत नव्हतो, ते चुकलं."

"शिवायला की भांडायला?"

"आधी भांडायला. मग शिवायला."

ती हसली आणि तिने सासूबरोबर बाबांच्याही ग्लासात पाणी ओतलं. हात कुणाचा आहे हे बाबांनी विचारलं नाही.

१२ जून

आज पट्टी सोडली. डॉक्टर म्हणाले हळूहळू उघडा. बाबांनी आधी स्वतःचे हात पाहिले, दोन्ही बाजूंनी. मग आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "काय बघताय?" ते म्हणाले, "काही नाही. म्हातारी झालीस." ती म्हणाली, "तुम्ही कोण राजपुत्र लागून गेलात?" आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

मग माझ्याकडे. माझ्या बाजूला नाही, माझ्याकडे. त्यांची नजर माझ्या तोंडावर बराच वेळ राहिली आणि मग खाली आली, खांद्यावर, आणि तिथेच अडकली.

"ही बाही कुणी लावली?"

हा ड्रेस मी संस्थेत पहिल्यांदा जायला निघाले तेव्हा बाबांनीच शिवून दिलेला. उजवी बाही मागे ओढते, खांद्यावर चुणी पडते. तो मी आठवड्यातून दोनदा तरी घालते. या बाहीबद्दल मी इथे कधीच लिहिलं नाही. लिहिलं तर खरं होईल असं वाटायचं.

"तुम्हीच, बाबा."

त्यांनी मला जवळ बोलावलं, शिवण बोटाने नाही, डोळ्यांनी पाहिली. "आणि तू अशीच घालत राहिलीस? एका शब्दाने बोलली नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला माझी नोकरी पसंत नाही, म्हणून रागात शिवलात."

बाबा हसायला लागले. डोळ्याला ताण द्यायचा नाही म्हणून डॉक्टर ओरडले, तरी थांबेनात. "रागात?" ते म्हणाले. "अगं वेडे, रागात तर माझी टीप सगळ्यात सरळ येते. तुझा ड्रेस शिवताना माझे डोळे भरून येत होते. आधीच दिसत नव्हतं, त्यात ते."

मग म्हणाले, "घरी गेलो की काढून दे. पाच मिनिटांत उसवून नीट लावतो."

मी दिला नाही. दुसरा डोळा व्हायचाय, दमाल, असं कारण सांगितलं. ते कारण खरं नव्हतं. पण हे खोटं मी कुणापुढे कबूल करणार नाही.